रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, क्लीव्हलंड: आधी खाली उतरा

ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये, ईरी सरोवराच्या अगदी काठावर, आय. एम. पेई यांनी रचलेला काचेचा तिरपा पिरॅमिड लांबूनच दिसतो. १९९५ साली खुल्या झालेल्या या संग्रहालयात शिरलं की नजर वर जाते आणि पाय सरकत्या जिन्याकडे वळतात. बहुतेकांचं इथेच चुकतं. पिरॅमिडचे मजले वर जाताना आकसत जातात; मुख्य ऐवज खाली, अटलांटिक रेकॉर्ड्सचे संस्थापक अहमत एर्टेगन यांच्या नावाच्या दालनात आहे. पूर्ण पाहायला चार तास लागतात, त्यातले निदान दोन तास खालीच द्यावेत.

खालच्या दालनात रॉक ज्यांतून उगवलं त्या ब्लूज, गॉस्पेल, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांचा भाग एल्विस आणि बीटल्सच्या ओढीने लोक भराभर ओलांडतात. तसं करू नका. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडनी नावसुद्धा ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सच्या १९५० च्या गाण्यावरून घेतलं. मडी वॉटर्सची गिटार कानात ठेवून पुढे गेलात तर ब्रिटिश बँडनी काय उचललं आणि काय बदललं ते आपोआप उलगडतं. उलट क्रमाने पाहिलं तर ते नुसते सुटे कपडे आणि सुट्या गिटारी.

आणि कपडे जरा जास्तच आहेत. झगमगते जॅकेट पाहून डोळे दिपतात, पण आवाज तसा का येतो, हे पुरेसं सांगितलेलं नाही. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप. गिटारची तार थरथरली की त्या गुंडाळीत वीज उपजते. ती वीज वाढवून आवाज मोठा करणाऱ्या, काचेच्या नळ्यांच्या म्हणजे व्हॉल्व्हच्या अॅम्पवर ताकदीपेक्षा जास्त भार टाकला की लहरींचे माथे कापले जातात, तोच तो खरखरीत डिस्टॉर्शन. एवढं डोक्यात ठेवून गेलात तर काचेमागचे अॅम्प बोलू लागतील.

प्रकाश मंद आहे, त्याबद्दल कुरकुर नको. कापड आणि शाई उजेडाने विटतात, म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच प्रकाश ठेवण्याची पद्धत आहे. हस्तलिखित गाणी वाचताना काचेवर स्वतःचंच प्रतिबिंब आड येतं. समोरून हटून बाजूने वाचा. खरी अडचण आवाजाची: शेजारशेजारचे पडदे एकमेकांवर गातात. उघडताच गेलात तर गर्दीची भर तरी पडत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या ‘गराज’मध्ये गिटार, ड्रम, कीबोर्ड स्वतः वाजवता येतात. नवख्यांनाही जमेल अशी सोय आहे. फक्त दुपारी रांग लागते, म्हणून खालचं दालन संपताच इकडे या.

तिसऱ्या मजल्यावर मानकऱ्यांच्या, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये निवडलेल्या कलाकारांच्या सह्या. पहिली ध्वनिमुद्रिका निघून २५ वर्षं झाल्याशिवाय कलाकार पात्र ठरत नाही. १९८६ च्या पहिल्या तुकडीत चक बेरी, जेम्स ब्राउन, रे चार्ल्स होते, पण एकही स्त्री नव्हती. अरीथा फ्रँकलिन १९८७ मध्ये पहिली ठरली. सह्या पाहताना ही गोष्ट लक्षात असू द्या.

न्यूयॉर्क सोडून इथेच का, याचं उत्तर ‘रॉक अँड रोल’ हे नाव रुजवणारे क्लीव्हलंडचे रेडिओ निवेदक अॅलन फ्रीड. रेकॉर्डच्या दुकानाचे मालक लिओ मिंट्झ यांना गोरी मुलं ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्या उचलताना दिसली, त्यांनी फ्रीडना ती गाणी रेडिओवर लावायला सांगितलं. २१ मार्च १९५२ रोजी फ्रीडनी क्लीव्हलंड अरीनात ठेवलेला मूनडॉग कॉरोनेशन बॉल हा संगीताचा जलसा, ज्याला पहिली रॉक मैफल मानतात, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक घुसल्याने थोड्याच वेळात थांबवावा लागला.

ब्राउन्स या शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना असेल तो दिवस टाळा. मैदान अगदी शेजारी आहे आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. हिवाळ्यात सरोवरावरून येणारा वारा झोंबतो, शहरातून चालत येणार असाल तर कान झाका. संशोधनासाठी कागदपत्रं हवी असतील तर या इमारतीत शोधू नका: ग्रंथालय आणि संग्रह कायहोगा कम्युनिटी कॉलेजच्या आवारात, वेगळ्या ठिकाणी आहे.