राज्यशास्त्राच्या संकल्पना-कार्डांचा सेट: दिवाळीपासून वापरतोय, 37 नंबर सोडून

आधी चार स्टार दिले होते, मध्ये चिडून दोन केले, आता परत एडिट करतोय. फक्त घेऊ की नको एवढंच बघायचं असेल तर सरळ शेवटच्या पॅराला जा, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा कारण लांबलंय.

सेट कुठला ते ज्यांच्याकडे आहे त्यांना कळेलच. निळा बॉक्स, 120 कार्डं, पुढे संकल्पना, मागे तीन-चार ओळींची व्याख्या, एक विचारवंत, एक उदाहरण, कोपऱ्यात क्यूआर कोड. 749 ला पडला, म्हणजे कार्डामागे सव्वासहा रुपये, डिलिव्हरी चार्ज वेगळा लावला तो यात धरलेला नाही. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंपनीत शिफ्टला, राहिलेली बी.ए. मुक्त विद्यापीठातून पूर्ण करतोय, जाडं पुस्तक उघडून बसायला घरी जागा पण नाही आणि शांतता पण नाही, सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्या उभ्या पाच-सहा कार्डं होऊन जातात म्हणून दिवाळीच्या सेलमध्ये घेतला.

क्वालिटीला नाव ठेवणार नाही. लॅमिनेशन जाड आहे, डब्यातली आमटी अर्ध्या गठ्ठ्यावर सांडली होती, पुसून घेतली, 'न्याय'चा एक कोपरा पिवळा झालाय बाकी सगळं ठीक. फॉन्ट मोठा. आणि मजकूर, खरं सांगतो, काही ठिकाणी जाम भारी आहे. सामाजिक कराराची तीन कार्डं लागोपाठ वाचली तेव्हा कॉलेजात जे डोक्यावरून गेलं होतं ते एका फेरीत बसलं. हॉब्ज 1651, लॉक 1689, रूसो 1762 (सालं त्यांच्या पुस्तकांची). तिघं म्हणतात माणसांनी करार केला आणि राज्य आलं, पण हॉब्जचा माणूस यादवी युद्धाला घाबरलेला आहे, तो म्हणतो घ्या सगळे हक्क पण जीव वाचवा. लॉकचा माणूस हिशोबी, तो जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता बाजूला काढून ठेवतो आणि सांगतो की सरकारने विश्वास मोडला तर आम्ही सरकार बदलू. रूसोचा माणूस म्हणतो मी स्वतःला सगळ्यांच्या हवाली केलं म्हणजे कोणा एकाच्या हवाली केलंच नाही. हे एवढं तीन कार्डांत मावलंय, लिहिणाऱ्याला मानलं.

उदाहरणं मात्र आळशीपणाने टाकलीत. 'सार्वभौमत्व', फ्रेंच विचारवंत बोदां, 1576, व्याख्या बरोबर, आणि खाली उदाहरण काय तर 'भारत'. अरे बाबा! 'राज्य आणि सरकार यातला फरक' याला पण उदाहरण 'भारत', त्याच्यातून काय कळणार कोणाला? आपल्याकडेच बघा ना, 12 नोव्हेंबर 2019 ते 23 नोव्हेंबर 2019 महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट होती, मुख्यमंत्री नाही, मंत्रिमंडळ नाही, पण तहसीलमध्ये दाखले निघत होते, पोलीस होते, कोर्ट चालू होतं, काढलेली कर्जं तशीच राज्याच्या नावावर होती. सरकार नव्हतं, राज्य होतं. एका ओळीत झालं असतं की नाही. (घटक राज्य वेगळं आणि सार्वभौम राज्य वेगळं हे मला माहितीये, कमेंटमध्ये शिकवू नका, मुद्दा तोच राहतो.)

आता मेन तक्रार. बॉक्समध्ये 36 नंबरचं कार्ड दोनदा आहे आणि 37 नाहीच. 36 म्हणजे 'सत्ता', 38 म्हणजे 'अधिसत्ता' (ऑथॉरिटी), मधलं 37 'अधिमान्यता' (लेजिटिमसी, म्हणजे सत्ता योग्य आहे असं मानलं जाणं). तुम्ही म्हणाल एका कार्डासाठी एवढा तमाशा कशाला, सहा रुपयाची वस्तू. तर ऐका. 38 वर छापलंय: अधिसत्ता म्हणजे सत्ता अधिक अधिमान्यता, कार्ड 37 पाहा. 'राज्य'च्या कार्डावर जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची 1919 ची व्याख्या दिलीये, ठरावीक प्रदेशात बळाच्या अधिमान्य वापराची मक्तेदारी जिच्याकडे आहे ती संस्था, आणि पुढे कंसात कार्ड 37 पाहा. 'क्रांती'वर 37 पाहा, 'सविनय कायदेभंग'वर 37 पाहा. सगळ्या गल्ल्या त्याच चौकात येतात आणि चौकच नाही.

आणि हा मुद्दा किरकोळ नाहीये हो. 36 वर सत्ता म्हणजे काय तर समोरच्याचा विरोध असला तरी आपलं म्हणणं त्याच्याकडून करवून घेता येणं. ठीक आहे, मग रात्री पाथर्डी फाट्यावर कोणी कोयता दाखवून मोबाइल मागितला तर त्याच्याकडे सत्ता आहे, मी मोबाइल देणार. सीबीएसच्या सिग्नलला ट्रॅफिक हवालदार नुसता हात दाखवतो, दहा टनाची गाडी थांबते, त्याच्याकडे पण सत्ता आहे. दोघांत फरक काय? गणवेश, असं 38 म्हणतं जवळपास, म्हणजे पद. पण त्या पदाला आपण का मानतो ते 37 मध्ये असणार होतं. तेच नसेल तर हवालदार आणि कोयतावाला एकाच खान्यात बसतात, आणि हॉब्ज-लॉकपासूनची सगळी झटापट त्या दोघांना वेगळं करण्यासाठीच तर आहे. म्हणून माझं मत असं झालंय की हे कार्ड 1 नंबरला पाहिजे होतं, सगळे 'राज्य'पासून सुरुवात करतात आणि तिथेच पोरांना झोप येते.

मग कस्टमर केअर. फोनवरची मुलगी चांगली होती, तिच्याबद्दल काही नाही. "सर, अनबॉक्सिंग व्हिडिओ आहे का?" कार्डांच्या डब्याचा व्हिडिओ कोण काढतं! "मग सर सिस्टीममध्ये सिंगल कार्डचं ऑप्शन नाहीये." मी म्हटलं ताई, एक कार्ड पाकिटात घालून पोस्टाने टाका, पोस्टेज मी देतो. "सर, मला ती ऑथॉरिटी नाही." मला हसूच आलं, कारण बरोबर तेवढंच कार्ड माझ्याकडे होतं, वेबरची कायदेशीर अधिसत्ता: माणसाचं नाही तर नियमाचं ऐकायचं, आणि पदाच्या बाहेर गेलं की त्याच माणसाच्या शब्दाला किंमत नाही. ऑथॉरिटी कोणाकडे आहे विचारलं तर "बॅक-एंड टीम". त्यांचा नंबर? नसतो. वर दहा टक्क्यांचं कूपन, पुढच्या खरेदीवर. म्हणजे सहा रुपयांसाठी मी अजून सातशे घालवायचे. इथे दोन स्टार केले.

अपडेट: बरंच मेलामेली झाल्यावर त्यांनी न विचारता पूर्ण नवीन सेट पाठवला, फुकट, जुना परत पण मागितला नाही. हे मान्य करायलाच पाहिजे, एवढं कोणी करत नाही. बायको म्हणाली आता तरी शांत बसा. डबा उघडला (या वेळी व्हिडिओ काढून), 36 दोनदा, 37 नाही. म्हणजे छापतानाच शीटवर गडबड आहे, सगळ्या लॉटमध्ये अशीच असणार. दुसरा सेट मेहुण्याच्या पोराला दिला, तो एमपीएससी करतोय, त्याला सांगून ठेवलंय की 37 विचारू नकोस.

पण दुसऱ्या डब्यात एक गोष्ट चांगली निघाली, काही उदाहरणं बदललीत. 'स्वातंत्र्य'च्या कार्डावर आधी आयझाया बर्लिन, 1958, नकारात्मक (कोणी अडवू नये) आणि सकारात्मक (स्वतःचं स्वतः ठरवता यावं) स्वातंत्र्य, उदाहरण परत 'भारत' होतं. आता त्याच्या शेजारी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचं 1859 चं तत्त्व वेगळं कार्ड करून दिलंय, की दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने माणसाला अडवावं, त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी जबरदस्ती नको, आणि उदाहरण हेल्मेटचं. हे आम्हा नाशिककरांना जास्तच लागतं कारण इथे 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं ते 15 ऑगस्ट 2021 ला, बरोबर स्वातंत्र्यदिनी! या कार्डावरून आमच्या लंच टेबलवर अख्खी सुट्टी भांडण चाललं. मिलच्या हिशोबाने डोकं माझं, फुटलं तर माझं. वेल्डिंगचे काका म्हणाले फुटलं तर सिव्हिलला ॲडमिट कोण करणार, खर्च कोणाचा, घरी बसून रडणार कोण, मग इजा फक्त तुझी कशी? मिलला घरचे लोक मोजायला लावले की त्याचं तत्त्व डळमळतं, हे मला कुठल्या व्हिडिओत मिळालं नव्हतं. व्हिडिओवरून आठवलं, क्यूआर कोड स्कॅन केले की निम्मे 'लिंक एक्सपायर्ड' दाखवतात. ते धरूनच नका पैसे देताना.

तर मग 37 चं काय. शेवटी त्यांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली. उघडली, आणि अक्षरशः कपाळाला हात लावला. 'अधिमान्यता: सत्तेला जनतेने दिलेली मान्यता. उदा. लोकशाही.' बस. ज्याच्याकडे चार-चार कार्डं बोट दाखवतात त्याच्यावर एवढंच? मतदान झालं की विषय संपला? मग आपल्या महापालिकेचं उदाहरण घ्या. मुदत मार्च 2022 ला संपली, 74 वी घटनादुरुस्ती म्हणते मुदत संपायच्या आत निवडणूक व्हावी, आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले, आणि तीन वर्षांहून जास्त काळ आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार बघत होते. मी कोणाला दोष देत नाहीये, पुणे-मुंबईला पण तेच होतं. पण त्या काळात निवडून आलेलं कोणी नव्हतं तरी आपण घरपट्टी भरली की नाही? भरली. म्हणजे मान्यता फक्त मतपेटीतून येत नाही, कायद्याने नेमलेला माणूस आहे एवढ्यावर पण बरंच चालतं. पण नगरसेवकच नाही तर ड्रेनेजसाठी कोणाच्या दारात जायचं, ही कुरकुर पण तेव्हा प्रत्येक कॉलनीत होती. अधिकार कायद्याने पूर्ण, आणि तरी काहीतरी कमी पडत होतं. ते कमी पडणारं काय, हे कार्डाने सांगायला पाहिजे होतं.

शेवटी सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये जाऊन बसलो. 1840 पासूनचं वाचनालय आहे, सातशे एकोणपन्नास रुपये घालवायच्या आधी तिथेच गेलो असतो तर, असं बायको म्हणते, मी नाही. वेबरचे तीन प्रकार नीट वाचले: परंपरेने मिळणारी मान्यता, करिष्म्याने मिळणारी आणि कायद्याने मिळणारी. आणि डेव्हिड बीथम म्हणून एक आहेत, त्यांनी 1991 मध्ये वेबरला धरलं, की लोक मानतात म्हणून अधिमान्य एवढं म्हणून भागत नाही, सत्ता नियमाने आली का, ते नियम सगळ्यांना पटणाऱ्या कारणांवर उभे आहेत का, आणि लोक आपल्या वागण्यातून संमती दाखवतात का, हे तिन्ही तपासायचं. हे वाचल्यावर प्रशासकाचं कोडं सुटलं, पहिलं होतं, तिसरं दाखवायला जागा नव्हती.

मग दुसऱ्या डब्यातून काढून ठेवलेल्या जास्तीच्या 36 वर कागद चिकटवून स्वतःच 37 लिहिलं. उदाहरणाच्या जागी पंचवटी टाकलं. 2 मार्च 1930, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, बाबासाहेब आणि इथे सगळी जुळवाजुळव करणारे दादासाहेब गायकवाड. दरवाजा बंद ठेवणाऱ्यांकडे कारण एकच, परंपरा, म्हणजे वेबरचा पहिला प्रकार. समोर बसलेल्यांनी दरवाजा फोडला नाही, वर्षानुवर्षं बसून विचारलं की ही परंपरा आम्ही का मानायची. ती लोकांनी मानली म्हणून टिकलेली होती, आणि ज्यांच्यावर चालत होती तेच मानायचं बंद करत होते. दार उघडलं नाही. मग 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे एका दाराची नाही, त्या दारामागच्या अख्ख्या व्यवस्थेचीच मान्यता काढून घेतली, आणि लोकांनी ऐकलं ते बाबासाहेबांकडे बघून, म्हणजे दुसरा प्रकार, करिष्मा. पुढे अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं कलम 17 आलं, ती तिसऱ्या प्रकारची, कायद्याची अधिसत्ता. तिन्ही प्रकार एका उदाहरणात, ते पण बसने अर्ध्या तासावर. कंपनीला फोटो काढून पाठवलाय, पुढच्या छपाईत वापरा म्हटलं, पैसे नकोत. रिप्लाय आला: आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे.

तर घ्यायचा का. परीक्षेसाठी व्याख्या पाठ करायच्या असतील आणि बस-ट्रेनमध्ये वेळ जात असेल तर घ्या, पण सेलमध्येच, पूर्ण किमतीला अजिबात नको. हेल्मेटवालं कार्ड आहे का बघून घ्या, ते असेल तर नवीन छपाई आहे, नसेल तर परत करा. निबंधासारखी मोठी उत्तरं लिहायची असतील तर हा सेट पुरत नाही, सोबत पुस्तक लागणारच. साडेतीन द्यायचे होते, इथे अर्धा स्टार देता येत नाही, म्हणून तीन. 37 छापून आलं की चार करेन.