चार्ल्स्टनच्या गल्ल्यांत शिफ्ट लेन्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

शिफ्ट लेन्स म्हणजे कॅमेरा न हलवता जिचा पुढचा भाग वर-खाली किंवा आडवा सरकवता येतो अशी लेन्स. माझी आहे कॅननची टीएस-ई २४ मिमी एफ/३.५ एल, दुसरी आवृत्ती. ही २००९ साली बाजारात आली, त्यामुळे 'नवीन काय' म्हणून वाचायला आलेल्यांची निराशा होईल. मी वापरलेला नग घेतला, मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर ॲडॅप्टर लावून बसवला आणि गेल्या उन्हाळ्यापासून या वसंतापर्यंत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात जवळजवळ एवढी एकच लेन्स वापरली. निकाल आधीच सांगून टाकतो. जुन्या इमारतींसाठी पैसे पुरेपूर वसूल, बागांसाठी जेमतेम अर्धे. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

चार्ल्स्टनच का, तर हे शहर नेहमीच्या वाइड लेन्सला वैताग आणतं. १६८० साली वस्ती आजच्या जागी, दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या भूभागावर आली. त्याच्या दक्षिण टोकाकडचे ट्रॅड स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि त्यांना फुटलेल्या गल्ल्या अजूनही अरुंद आहेत. इथलं खास घर म्हणजे 'सिंगल हाउस'. रुंदीला एकच खोली, लांबी आत परसाकडे गेलेली, रस्त्याकडे फक्त घराची अरुंद बाजू. दक्षिणेला किंवा पश्चिमेला, वारा मिळेल अशा बाजूने, दुमजली-तिमजली ओसरी. तिला इथे पियाझा म्हणतात. गंमत अशी की रस्त्यावरचं दार उघडलं की आपण घरात जात नाही, ओसरीवर जातो. आता हे उंच, अरुंद घर समोरच्या फुटपाथवरून एका फ्रेममध्ये घ्यायचं म्हटलं की कॅमेरा वर करावा लागतो. तो वर केला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि घर मागे पडतंय असं वाटतं.

शिफ्ट लेन्स यावर साधा उपाय करते. कॅमेरा ट्रायपॉडवर पाणसळीत ठेवायचा आणि लेन्सचा पुढचा भाग नॉब फिरवून वर सरकवायचा. या लेन्समध्ये तो १२ मिलिमीटरपर्यंत सरकतो. फुल फ्रेम सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग, ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच, त्यामुळे आडव्या फ्रेममध्ये पूर्ण शिफ्ट दिली की क्षितिज थेट खालच्या कडेला जातं आणि निम्मा फुकट गेलेला रस्ता फ्रेमबाहेर पडतो. उभ्या फ्रेममध्ये क्षितिज खालून साधारण एक षष्ठांशावर राहतं. सिंगल हाउसला हे प्रमाण इतकं जमतं की मी आडव्या फ्रेम घेणं जवळपास सोडून दिलं. पूर्ण शिफ्टवर वरचे कोपरे थोडे काळवंडतात आणि मऊ पडतात. लेन्सचं छिद्र लहान करून, एफ/८ ते एफ/११ वर, काम भागतं.

'हे तर सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर होतं' असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. होतं, आणि फोटो फोनवरच पाहायचा असेल तर तेवढं पुरेही. कडा कापल्या जातात, वरचा भाग ताणला जातो, तेही एक वेळ सोडा. माझी खरी अडचण वेगळीच होती. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री या शहरात मोठा भूकंप झाला. विटांच्या भिंती फुगल्या, सरकल्या. सेंट मायकेल्स चर्चचा मनोरा काही इंच खचला. नंतर कित्येक घरांच्या आरपार लोखंडी सळ्या घातल्या गेल्या आणि बाहेरून त्यांना तबकड्या लावल्या. या तबकड्या आजही भिंतींवर दिसतात, कुठे नुसत्या गोल, कुठे चांदणीच्या आकाराच्या. म्हणजे इथली काही घरं खरोखरच वाकडी आहेत! सॉफ्टवेअरला हे कुठून कळणार? ते सगळ्या उभ्या रेषा गोळा करतं आणि सरळ करून टाकतं. एका भिंतीचा फुगवटा त्याने असा साफ पुसला की फोटोतल्या त्या सळीच्या तबकडीला काही कारणच उरलं नाही. शिफ्ट लेन्समध्ये कॅमेरा पाणसळीत असतो, त्यामुळे फोटोत जे कललेलं दिसतं ते प्रत्यक्षातही कललेलंच असतं. ही लेन्स मी ठेवली ती मुख्यतः या एका गोष्टीसाठी.

शिफ्ट आडवीही चालते, आणि हा उपयोग मला आधी सुचलाही नव्हता. खिडकीच्या काचेत किंवा पितळी पाटीत स्वतःचं प्रतिबिंब येत असेल तर बाजूला दोन पावलं सरकायचं, कॅमेरा भिंतीला समांतरच ठेवायचा आणि लेन्स उलट बाजूला सरकवायची. फोटो समोरून काढल्यासारखाच येतो. दिव्याचा खांब नाहीतर उभी गाडी टाळायलाही हीच युक्ती. लोखंडी फाटकांवर तर ती सर्वांत जास्त वापरली. फिलिप सिमन्स हे इथले लोहार १९१२ ते २००९ इतकं दीर्घ आयुष्य जगले. त्यांच्या हातची पाचशेहून जास्त नक्षीकामं या शहरात आहेत असं मानतात. फाटकाच्या वळणदार जाळीतून मागची विटांची पायवाट नेमकी कुठे दिसावी हे लेन्स मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवून ठरवता येतं. अशा कामात वेळ कसा जातो कळत नाही. फुटपाथ अरुंद आहेत, तेव्हा ट्रायपॉडचे पाय आवरते ठेवा. फाटक उघडं दिसलं तरी आत पाऊल टाकू नका, बागा खासगी आहेत.

रुंदीचं काय? स्पष्ट सांगतो, सर्वांत अरुंद गल्ल्यांत २४ मिमी कमी पडते. तिथे १७ मिमीची टीएस-ई हवी, पण तिची पुढची काच बाहेर फुगलेली आहे आणि नेहमीचे फिल्टर तिला लागत नाहीत. मी जोडफोटोंवर भागवतो. लेन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे सरकवून दोन फोटो जोडले की ३६ ऐवजी ६० मिलिमीटर रुंद सेन्सर असल्यासारखं चित्र मिळतं. विटांवर सांधा शोधूनही सापडत नाही. पण वर लाइव्ह ओक या सदाहरित झाडाच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉस लोंबत असेल तर विसरा. (हे ना स्पॅनिश, ना शेवाळ. ही अननसाच्या कुळातली वनस्पती आहे.) एवढीशी झुळूक आली तरी मॉस हलतं आणि दोन फोटो जुळत नाहीत.

आता बागांकडे येतो. 'टिल्ट'ची जाहिरात फार ऐकली होती. लेन्स वाकवली की फोकसची पातळीही वाकते, त्यामुळे पायाजवळच्या फुलापासून दूरच्या कुंपणापर्यंतची जमीन एकाच वेळी स्पष्ट येते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर त्यासाठी जेमतेम १ अंश टिल्ट पुरतो. लेन्स देते साडेआठ अंश! म्हणजे सगळं काम पट्टीच्या पहिल्या रेघेपाशीच, आणि नॉब जरा जास्त फिरला की सगळं बिघडलं. मिररलेसमध्ये चित्र मोठं करून पाहता येतं म्हणून जमतं तरी. नुसत्या व्ह्यूफाइंडरमध्ये पाहून लोक हे कसं करत असतील याचं मला कौतुक आहे.

सपाट, आखीव बागेत टिल्ट शोभतो. लाउट्रल ब्रिग्ज या उद्यानरचनाकाराने विसाव्या शतकात चार्ल्स्टनच्या घरांमागे अशा छोट्या बागा भरपूर आखल्या. बॉक्सवूडची कातरलेली कुंपणं, मध्ये विटांची वाट, टोकाला एखादं कारंजं. वसंतात तिकीट काढून घरं आणि बागा पाहण्याच्या फेऱ्या निघतात, तेव्हा त्यातल्या काही पाहता येतात. फोटोला परवानगी आहे का, हे तिकीट घेतानाच विचारा. शहराबाहेर ॲशली नदीकाठच्या मिडलटन प्लेसची गोष्ट निराळी. १७४१ पासून घडत गेलेली ही बाग गवताच्या पायऱ्यापायऱ्यांनी फुलपाखराच्या पंखांसारख्या दोन तळ्यांकडे उतरते. तिथे जमिनीला टिल्ट लावला की ओक वृक्षांचे शेंडे धूसर होतात, कारण झाड काही जमिनीच्या पातळीत उभं नसतं. थोड्या प्रयत्नांनंतर मी तिथे टिल्ट शून्यावर ठेवला आणि एफ/११ वर साधेच फोटो काढले. तेच जास्त चांगले आले. जवळच्या ड्रेटन हॉलच्या वास्तूला तर शिफ्टचीही फारशी गरज नाही. चहूबाजूंनी मोकळं गवत आहे, हवं तेवढं मागे जा.

उजेडाबद्दल थोडक्यात. ईस्ट बे स्ट्रीटवरच्या तेरा रंगीत घरांची रांग, म्हणजे रेनबो रो, पूर्वेकडे तोंड करून आहे, तेव्हा सकाळी लवकर जा. गाड्याही कमी असतात. सेंट मायकेल्सचे पांढरे खांब पश्चिमेकडे, ते दुपारनंतर. कॅमेलिया हिवाळ्यात फुलतात, अझेलिया मार्च-एप्रिलच्या सुमारास. भर उन्हाळ्यात रस्त्यांवर क्रेप मर्टल बहरतो, तो आपल्या तामणाच्याच कुळातला. पाकळ्यांच्या चुण्या पाहून मी ओळखला. त्या दिवसांत एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की काच धुकटते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेर थांबायचं, दुसरा इलाज नाही.

लेन्सशी संबंध नसलेली एक गोष्ट, तरी सांगतो. या शहरातल्या फोटोंत दर्शनी बाजूच फार असते, आणि पहिले काही आठवडे माझ्याही फोटोंत तीच होती. हे सगळं वैभव भात आणि निळीच्या शेतीवर, गुलामांच्या श्रमांवर उभं राहिलं. मिडलटन प्लेसच्या त्या गवताळ पायऱ्याही त्याच हातांनी घडवल्या. एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या एकेन-रेट हाउसमध्ये मागचं अंगण, स्वयंपाकघर, तबेला आणि गुलामांच्या राहण्याच्या खोल्या फारशी रंगरंगोटी न करता जपल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये लांबट अंगण आहे, आणि शिफ्ट लेन्सला अशी जागा मानवते. तिथले रंग उडालेले गिलावे माझ्या संग्रहातले सर्वांत चांगले फोटो आहेत.

किरकोळ तक्रारी अशा. ७८० ग्रॅम वजन, शिवाय ॲडॅप्टर आणि ट्रायपॉड. ऑटोफोकस नाही, लहान मुलं सोबत असतील तर लेन्स घरीच ठेवा. ८२ मिमीचे फिल्टर महाग पडतात. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावून शिफ्ट दिली तर आकाश एका बाजूला गडद होतं, म्हणून मी तो बंदच केला. पाऊस आणि धुळीपासून संरक्षण नाही आणि चार्ल्स्टनमध्ये सर न सांगता येते, तेव्हा खिशात प्लास्टिकची पिशवी असू द्या. नवी लेन्स २,००० डॉलरच्या आसपास जाते, म्हणून आधी एखादा शनिवार-रविवार भाड्याने घेऊन पाहावी. १.४ पटीचा एक्स्टेंडर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायची, दृश्य जवळ आणणारी जोडकाच) तिच्यावर बसतो आणि साधारण ३४ मिमीची शिफ्ट लेन्स तयार होते. फाटकांसाठी आणि मनोऱ्यांच्या कळसांसाठी मला ती २४ पेक्षा सोयीची वाटली, पुढच्या हिवाळ्यात कॅमेलियांवर वापरून पाहणार आहे.