डिस्क भरली: आधी डीएफ की डीयू?

लिनक्सवर 'जागा शिल्लक नाही' असा संदेश आला की माझा हात आधी 'डीएफ -एच' (df -h) या कमांडकडे जातो. ही कमांड फाइली मोजत बसत नाही. फाइलसिस्टिमने (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेने) स्वतः ठेवलेला हिशेब वाचते आणि क्षणात सांगते, कुठलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कुठला भाग, किती टक्के भरलंय. कोणी भरलं, हे मात्र तिला ठाऊक नसतं.

ते शोधायला डीयू (du) ही दुसरी कमांड. ती फोल्डरमागून फोल्डर फिरून बेरीज करते, त्यामुळे लाखो फाइली असतील तर चहा होतो तोवर. सुडोशिवाय (sudo), म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराशिवाय, चालवली तर परवानगी नसलेले फोल्डर बेरजेतून गळतात. '-एक्स' (-x) लावा, नाहीतर ती माउंट केलेल्या, म्हणजे जोडलेल्या, दुसऱ्या डिस्कवरही भटकून येईल.

खरी गंमत दोघींचं पटत नाही तेव्हा. एकदा डीएफ १०० टक्के म्हणत होती आणि डीयूची बेरीज त्याच्या निम्मीही भरेना. मीच एक अवाढव्य लॉग फाइल उडवली होती, पण ती लिहिणाऱ्या सर्व्हिसने (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमने) ती अजून उघडी धरलेली. नाव गेलं, जागा अडकलेलीच! 'एलएसओएफ +एल१' (lsof +L1) या कमांडने अशा फाइली दिसतात. सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. इथे एकट्या डीयूवर विसंबलो असतो तर रात्र गेली असती.

आणि जीबी शिल्लक असूनही फाइल बनत नसेल, तर 'डीएफ -आय' (df -i) बघा. बारक्या फाइलींनी आयनोड, म्हणजे दर फाइलीमागे लागणाऱ्या फाइलसिस्टिममधल्या नोंदी, संपवलेले असू शकतात.