जुने पॅचर, जुने पोस्ट बेड की फ्लॅट बेड? बूट शिवणाऱ्याने काय घ्यावे

बुटांसाठी जुने शिलाई मशीन शोधायला निघालेल्या माणसाची नजर आधी सिंगर 29के वर जाते. काळे, लांब हाताचे, मोठ्या चाकाचे ते पॅचर, म्हणजे दुरुस्तीचे मशीन, आपण लहानपणापासून मोच्याच्या दुकानात पाहिलेले असते, म्हणून बुटाचे मशीन म्हणजे हेच असे मनात बसते. माझे मत आधीच सांगतो. नवे बूट बनवायचे असतील तर पहिले मशीन म्हणून पॅचर घेऊ नका, पोस्ट बेड, म्हणजे उभ्या खांबावर शिवणारे मशीन, घ्या. दुरुस्तीचे दुकान टाकायचे असेल तर मात्र 29के ला तोड नाही.

याचे कारण मशीन कातडे कसे सरकवते त्यात आहे. पॅचरला खालून ओढणारे दाते नसतात. सुईजवळचा वरचा धातूचा पायच कातडे दाबून पुढे नेतो आणि तो पाय सगळ्या दिशांना गोल फिरतो. शिवाय हात टोकाला निमुळता असल्यामुळे तयार बुटाच्या आतपर्यंत जातो. घोट्यापर्यंतच्या जोधपुरी बुटाचे सैल पडलेले इलॅस्टिक बदलायचे, उंच बुटाची चेन नवी बसवायची, बोटांजवळ ठिगळ लावायचे, तर बूट फिरवायचा नाही, फक्त मशीनचा पाय वळवायचा. ग्वाल्हेरच्या मुरार छावणीच्या आसपास दुरुस्तीचे काम घेणाऱ्याला रोज हेच लागते.

नव्या कामात हेच गुण आड येतात. दातेरी पाय कातड्याच्या चांगल्या बाजूवर खुणा उमटवतो आणि मऊ कातड्यावर त्या जात नाहीत. बॉबिन लहान, त्यामुळे उंच बुटाच्या लांब शिलाईत दोरा मध्येच संपतो. टिकट हा दोऱ्याच्या जाडीचा क्रमांक; टिकट 40 चा नायलॉन दोरा, म्हणजे टेक्स 70, ते बरे चालवते. त्याहून जाड टिकट 20 घातला की ताण जुळत नाही आणि खालच्या बाजूला गाठी दिसू लागतात. वळणावर समांतर दोन ओळी घालायच्या म्हटल्या तर एखादा टाका लहान-मोठा पडतोच, आणि बुटावर तो लांबून ओळखू येतो.

पोस्ट बेडमध्ये शिवायची जागा एका उभ्या खांबाच्या डोक्यावर असते. खांब साधारण 7 इंच उंच. बुटाचा पुढचा भाग आणि मागचे दोन भाग जोडले की अपर, म्हणजे बुटाचा तळावरचा भाग, सपाट राहत नाही, त्याला पोट येते. सपाट टेबलावर तो दाबला की सुरकुती शिवली जाते. खांबावर तोच अपर दोन्ही बाजूंनी मोकळा लोंबतो, सुईखाली फक्त शिवायची कड येते. वर दातेरी पायाऐवजी छोटे चाक असते, खालीही चाक. कातड्यावर खूण कमी पडते आणि कडेपासून दोन मिलिमीटरवर ओळ धरून वळण घेता येते, कारण चाक बारीक असल्यामुळे सुई कुठे पडते आहे ते डोळ्यांना दिसते. सिंगर 51डब्ल्यू आणि पफाफची जुनी पोस्ट बेड मशीन या कामासाठीच घडवलेली आहेत.

याची मर्यादाही सांगायला हवी. गुडघ्यापर्यंतच्या बुटाची नळी एकदा बंद झाली की खांबाच्या उंचीपेक्षा खोल शिलाई पोस्ट बेडवर होत नाही. म्हणून नळीवरची नक्षी, पट्ट्या, आतले अस्तर हे सगळे तुकडे उघडे असतानाच शिवून घ्यावे लागते आणि बाजूची शिवण शेवटी मारावी लागते. क्रम चुकला तर लांब हाताच्या पॅचरशिवाय गत्यंतर नाही. बूट बनवणाऱ्याकडे दुसरे मशीन म्हणून पॅचर असावे ते एवढ्यासाठी.

सिंगर 31के सारख्या सपाट, म्हणजे फ्लॅट बेड, मशीनबद्दल थोडक्यात. ते शिंप्याचे मशीन आहे, रोलर पाय लावून अस्तर आणि पातळ कातडे त्यावर छान शिवले जाते. पाकिटे, पट्टे, बुटाचे सपाट तुकडे यांना पुरते. स्वस्त मिळते आणि पायडलवर चालते, पण फक्त बूट करायचे असतील तर लवकरच अपुरे पडते.

जुना माल पाहायला ग्वाल्हेरकराला आग्रा साधारण 120 किलोमीटर, सकाळी निघून रात्री परत येता येते. तिथल्या हिंग की मंडी या बुटांच्या बाजारात अपर शिवणाऱ्या कोणत्याही कारागिराला विचारा, जुने मशीन कोण विकतो हे तो सांगेल. जाताना स्वतःचे कातडे आणि दोरा घेऊन जा. विक्रेता नेहमी मऊ, पातळ तुकड्यावर शिवून दाखवतो. तुम्ही दोन घड्या आणि अस्तर मिळून तुमच्या बुटाची खरी जाडी होईल असा तुकडा द्या.

29के असेल तर पाय चारही दिशांना फिरवून चार ओळी शिवायला लावा आणि एका इंचात किती टाके पडले ते प्रत्येक ओळीत मोजा. एका दिशेला टाका आखूड पडला तर वरची सरकवणारी यंत्रणा झिजली आहे. मग हाताच्या टोकाचे झाकण काढायला सांगा. आत शटल, म्हणजे बॉबिन धरणारा भाग, फिरवणारे छोटे दातेरी चक्र आणि त्याला चालवणारा दातेरी दांडा असतो. बाहेरचे मोठे चाक घट्ट धरून शटल बोटाने हलवून पाहा. ते बरेच मागे-पुढे होत असेल तर टाके सुटणार. दाते मधल्याच भागात झिजतात, म्हणून नुसते पाहून कळत नाही, हलवूनच कळते. सुट्या भागांचा प्रश्न पॅचरला कमी येतो, आणि 29 एक्स 3 ही कातड्याची सुई सहज मिळते.

पोस्ट बेडचा जीव हुकात, म्हणजे सुईच्या दोऱ्याचा फास पकडणाऱ्या फिरत्या भागात, असतो. हुकाच्या टोकावरून नख फिरवा. नख अडकले तर ते दोरा फाडणार. टोक बोथट असेल तर टाके सुटणार. जुन्या 51डब्ल्यूचा हुक शोधून आणणे त्रासाचे आहे, म्हणून हुक खराब असलेले मशीन कितीही स्वस्त दिले तरी सोडून द्या. अशा वेळी नवे चिनी 810 पोस्ट बेड घेतलेले बरे. त्याचे लोखंड जुन्याइतके जड नाही, पण हुक, चाके, सुया सगळे मिळते. हुक धडधाकट असलेले जुने समोर असेल तर मी जुनेच घेईन. नावात के असलेले सिंगर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचे, आणि तो 1980 मध्ये बंद झाला. म्हणजे असे प्रत्येक मशीन चार दशकांहून जुने आहे. ‘फारसे चाललेले नाही’ हे बोलणे त्या हिशोबाने ऐका.

मोटर वेगळी विचारा. कारखान्यातून आलेल्या मशीनला सतत फिरत राहणारी क्लच मोटर असते, बऱ्याचदा थ्री फेज. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरात तुमच्याकडे सिंगल फेजच असेल, आणि क्लच मोटरचा वेग नवशिक्याला आवरत नाही. वेग कमी ठेवता येणारी सर्वो मोटर बसवून घ्या, म्हणजे एकेक टाका टाकता येतो. तेल शिलाई मशीनचेच हवे. घरातले खोबरेल घालाल तर ग्वाल्हेरच्या थंडीत ते थिजते, पुढे चिकट होऊन बसते आणि रॉकेलने धुवावे लागते.

यातले एकही मशीन तळ शिवत नाही. तळ हाताने आरीने शिवा किंवा बाहेर करून घ्या. तळाची जुनी अवजड मशीन पहिल्या खरेदीत आणू नका, तो पैसा चांगल्या फर्म्यांत, म्हणजे ज्यावर बूट घडवतात त्या साच्यांत, घाला.