कूबर पेडी, उलुरू की ॲलिस स्प्रिंग्ज : आउटबॅकच्या बाइक प्रवासात सुट्टीचा एक दिवस कुठे घ्यावा?

ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या विरळ वस्तीच्या रखरखीत भागात, ॲडलेडहून स्टुअर्ट हायवेने बाइकवर उत्तरेकडे निघालेल्या माणसाची तिसऱ्या दिवसापर्यंत अवस्था ठरलेली. मनगटं बधिर, मान आखडलेली, बूड सीटला टेकवत नाही, हेल्मेटच्या काचेवर किड्यांचा थर. रस्ता खराब असतो म्हणून नव्हे. रस्ता गुळगुळीत आणि सरळ असतो, संपत मात्र नाही, आणि तासन्‌तास एकाच बैठकीत एकाच वेगाने जाण्यानेच अंग आंबून जातं. त्यामुळे आखणीत एक दिवस तरी गाडी न हाकण्याचा हवा. सुट्टीच्या दिवसाला तीन ठिकाणं सुचवली जातात आणि रजा मोजकी असलेल्याला त्यातलं एकच परवडतं. निवड कशी करायची, ते सांगतो.

आधी अंतरं बघा. ॲडलेड ते कूबर पेडी सुमारे 850 किमी. तिथून एर्लडंडाचा तिठा आणखी 490. तिठ्यावरून सरळ गेलात तर 200 किमीवर ॲलिस स्प्रिंग्ज. डावीकडे लॅसेटर हायवेला वळलात तर साधारण 245 किमीवर उलुरू हा प्रचंड खडक. त्यापुढे पश्चिमेला जाणारा रस्ता कच्चा, म्हणून बहुतेकांना आल्या वाटेनेच तिठ्यावर परतावं लागतं. थोडक्यात, कूबर पेडी आणि ॲलिस वाटेवरच आहेत. उलुरूसाठी जाऊन-येऊन 490 किमी जास्तीचे मोजावे लागतात. माझ्या मते सगळा निर्णय या आकड्यावर फिरतो, पण लोक लावतात त्याच्या उलट अर्थाने.

कूबर पेडीपासून सुरुवात करू. 1915 साली 14 वर्षांच्या विली हचिसनला इथे ओपल हे रंगीत रत्न सापडलं आणि वैराण माळावर खाणकामगारांची वस्ती उभी राहिली. खरं तर जमिनीखाली गेली. उन्हाळ्यात बाहेर चाळिशी ओलांडते, पण खडकात कोरलेल्या घरांत बारा महिने 23 ते 25 अंशच असतात. त्यांना तिथे डगआउट म्हणतात, आणि हॉटेलं, दुकानं, देवळं (म्हणजे चर्च) सगळंच असं खाली आहे. रात्री खोलीत आडवं पडल्यावर भिंत जवळून बघा. गुलाबी-पांढऱ्या दगडावर बोगदा कोरणाऱ्या यंत्राचे अर्धगोल चरे एकामागून एक उमटलेले दिसतात, आणि भुकटी झडू नये म्हणून वरून पारदर्शक लेप दिलेला असतो. दिवा मालवला की हाताला हात दिसत नाही, आवाज म्हणावा तर नाहीच. दिवसभर कानात वारा घोंघावून आलेल्या माणसाला या शांततेत जी झोप लागते, तिला या रस्त्यावर तोड नाही.

बघण्यासारखं गावात आहे, पण पसरलेलं नाही. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च आहे. त्याच्या दगडी भिंतींतच संतांच्या आकृती कोरल्या आहेत. जुनी खाण दाखवणारी संग्रहालयं आहेत. खाणीतून उपसलेल्या मातीच्या ढिगात ओपल शोधायला गावात सर्वांसाठी खुली जागाही आहे. हाती बहुधा पॉचच, म्हणजे रंग न खेळणारा साधा ओपल येतो, तरी तासभर कसा जातो कळत नाही. गावाबाहेरच्या खाणपट्ट्यात मात्र हिंडू नका. तिथे उघड्या, कठडा नसलेल्या विहिरींसारखी भोकं हजारोंनी आहेत, आणि फोटो काढताना मागे सरकू नका अशा पाट्या उगीच लावलेल्या नाहीत. ब्रेकअवेजच्या रंगीत टेकड्या तीसेक किमीवर. जवळूनच डिंगो कुत्र्यांना अडवणारं कुंपण जातं, एकूण 5600 किमीहून लांब. तिथला रस्ता कच्चा. पाऊस पडून गेला असेल तर लादलेली जड गाडी त्या चिखलात घालू नये.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. कूबर पेडीचं खास जे आहे, ते रात्रीच्या मुक्कामातच पदरात पडतं. आदल्या दिवशी वाटेतल्या वूमेरा गावाच्या आसपास थांबलात, तर दुपारी दोनपर्यंत इथे पोचता. चर्च, संग्रहालय, ओपलची माती, जमिनीखालची झोप, सगळं सकाळच्या नाश्त्यापर्यंत आटोपतं. त्यासाठी पूर्ण दिवस खर्च करायची गरज नाही.

उलुरूचं तसं नाही. हा खडक भोवतालच्या सपाटीपासून 348 मीटर वर येतो आणि त्याचा घेर 9.4 किमी आहे. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण ते कळतात पायथ्याची वाट चालताना. ती दहा-साडेदहा किमीची आहे, तीन-चार तास लागतात. लांबून जो एकसंध गुळगुळीत दिसतो, तो जवळून खवल्यांसारखा सुटत आलेला असतो. खडकातल्या लोहाला गंज चढून तो लाल झालाय, आत मूळ रंग राखाडी. मुटिट्जुलू पाणवठ्याशी सावलीत झाडं आहेत, कपारींत जुनी चित्रं आहेत. काही जागी फोटो काढू नका अशी विनंती लिहिलेली दिसेल. त्या जागा इथल्या मूळनिवासी आनंगू लोकांच्या पवित्र जागा आहेत, तेव्हा कॅमेरा खाली ठेवायचा. ही जमीन 26 ऑक्टोबर 1985 ला त्यांच्या नावावर परत झाली आणि बरोबर 34 वर्षांनी, 26 ऑक्टोबर 2019 ला, खडकावर चढणं कायमचं बंद झालं. चांगलं झालं. देवस्थानाच्या शिखरावर कुणी सहलीला म्हणून चढलेलं आपल्याला तरी चाललं असतं का?

शिवाय काटा ज्यूटा आहेच. खडकाचे 36 घुमट, त्यातला सर्वांत उंच पायथ्यापासून 546 मीटर, म्हणजे उलुरूपेक्षाही उंच. तिथली व्हॅली ऑफ द विंड्सची 7.4 किमीची पायवाट मला उलुरूच्या वाटेइतकीच मोलाची वाटते. तापमान 36 च्या वर जाण्याचा अंदाज असेल तर सकाळी 11 नंतर तिचा पुढचा भाग बंद करतात. काटा ज्यूटा युलारापासून, म्हणजे उलुरूजवळच्या मुक्कामाच्या गावापासून, पन्नासेक किमी लांब, आणि दोन्हीकडे गाडीने फिरलात तर विश्रांतीच्या दिवशीही दीडशे किमी पडतात. त्यातून उगवतीच्या आणि मावळतीच्या वेळी कांगारू रस्त्यावर येतात, आणि सगळ्यांना खडक बघायचा असतो तो नेमका त्याच वेळी. म्हणून युलारातून सुटणाऱ्या बसने जा आणि गाडी झाकून ठेवा. पैसे जातील, पण तो दिवस खऱ्या अर्थाने सुट्टीचा होईल.

खर्चात उलुरू सगळ्यांत जड, हे खरं. युलारा हे एकच रिसॉर्टचं गाव, खोल्या महाग, दुसरा पर्याय जवळपास नाही. कॅम्पग्राउंड आहे म्हणून बाइकवाले तगतात. उद्यानाचा पास तीन दिवस चालतो, हा त्यातल्या त्यात दिलासा.

आणि इथेच माझं मत ठाम आहे. उलुरूला एकच रात्र मिळणार असेल तर जाऊच नका. तिठ्यावरून संध्याकाळी थकून पोचायचं, सूर्यास्ताचा फोटो काढायचा आणि सकाळी पुन्हा 245 किमी मागे. इतकी वळसा-वाट करून हाती काय लागलं? 490 किमी जास्तीचे आहेत, म्हणूनच तिथे सलग दोन रात्री राहायला हवं. अंतर जास्त म्हणून मुक्काम कमी करणारे बरेच भेटतात, आणि त्यांचे पैसेही जातात, दिवसही जातो.

ॲलिस स्प्रिंग्जकडे बघायचं ते गाडीच्या नजरेने. मागचा टायर घासून सपाट झालाय, चेन ताणूनही सैलच राहते, ब्रेक पॅड संपत आलेत, अशा वेळी या पट्ट्यात वर्कशॉप, सुटे भाग, मोठं सुपरमार्केट आणि दवाखाना एकत्र मिळतात ते इथेच. दर जूनमध्ये इथून फिंक गावापर्यंत वाळवंटातली मोटरसायकल आणि गाड्यांची शर्यत होते, त्यामुळे बाइकच्या दुखण्याची जाण असलेले हातही सापडतात. शर्यतीच्या त्या लांब वीकएंडला मात्र खोली आणि मेकॅनिक दोन्ही दुर्मीळ.

दुरुस्ती चालू असताना गावात फिरायला पुष्कळ आहे. 1872 चं तारघर, विमानाने डॉक्टर पाठवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचं केंद्र, संध्याकाळी ॲन्झॅक हिल. द घॅन ही आगगाडी 1929 मध्ये इथे पोचली, आणि तिच्या नावात ('अफगाण'वरून घॅन) ज्यांची आठवण आहे ते उंटवाले अफगाणिस्तानाबरोबरच बलुचिस्तान, पंजाब, सिंधचेही होते. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी 1860 साली उंट आणले ते कराचीहून. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. या लाल मातीत आपल्या बंदरांचा असा धागा निघतो, हे मला फार भावतं.

गाडी ठणठणीत असेल तर पश्चिम मॅकडॉनेल रांगा धरा. सिम्पसन्स गॅप अगदी जवळ, स्टँडली चॅझम पन्नासेक किमीवर. तिथे भर दुपारी पोचा, कारण त्या अरुंद घळीत ऊन थेट उतरतं ते त्याच वेळी. एलरी क्रीकच्या डोहात उतरायचं तर पाणी बर्फगार असतं, हे लक्षात ठेवून उतरा. ॲलिसला मुक्काम निवडताना गाडी रात्री फाटकाच्या आत लावता येते का, तेवढं विचारून घ्या.

तेव्हा मे ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे तिथल्या गार महिन्यांत, जाणाऱ्याने सुट्टीचा एकमेव दिवस उलुरूला द्यावा, कूबर पेडीला दुपारी पोचून एक रात्र काढावी, ॲलिसला गाडीच्या गरजेपुरतं थांबावं. डिसेंबर-जानेवारीतच, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, रजा मिळत असेल तर पारडं फिरतं. पायवाटा सकाळीच बंद होतात, तंबूत झोप येत नाही, आणि जमिनीखालची गार खोली चैन न राहता गरज बनते. तेव्हा दिवस कूबर पेडीला द्या. तसंच सोबत मागे बसणारं कुणी असेल आणि त्याला चालण्याची हौस नसेल, तरी कूबर पेडीच बरी.

सुट्टी कुठेही घेतलीत तरी पहिला तासभर गाडीला द्या. लाल धूळ चिकट तेलात बसली की चेनची कानस होते, म्हणून पुसून घ्या आणि वॅक्सचं कोरडं लूब मारा. एअर फिल्टर झटका, हवा तपासा. चालायचे हलके बूट विसरू नका. रायडिंग बुटांत दहा किमी चालणं म्हणजे दुसऱ्या दिवशी गिअर टाकताना रडकुंडीला येणं. तोंडावर ओढायची जाळीही घ्या, माशा जीव नकोसा करतात.

बुकिंग युलारापासून सुरू करा, बाकीचे मुक्काम त्याभोवती बसवा. ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी सुमारे 250 किमी पेट्रोल मिळत नाही, तेव्हा टाकी लहान असेल तर कॅन बांधा. एर्लडंडाला दुपारी दोनच्या आत टाकी भरून वळलात तर थंडीच्या दिवसांतही उजेडात पोचता. वाटेत डावीकडे सपाट माथ्याचा एक भला मोठा डोंगर दिसेल, तो माउंट कॉनर, उलुरू नव्हे. तीन वाजून गेले असतील तर एर्लडंडालाच तंबू ठोका आणि उजाडल्यावर निघा. युलारातल्या दोन रात्रींना मात्र कात्री लावू नका.