बोर्ड घरी घेऊन जातो, म्हणाला

शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाच्या बेसमेंटमध्ये एखादा अर्धवट छंद पडलेला असतोच. माझा छंद म्हणजे बॅली कंपनीचं 'एट बॉल डिलक्स', १९८१ सालचं पिनबॉल मशीन, म्हणजे उतरत्या फळीवर धातूचा चेंडू टोलवत गुण मिळवायचा खेळ. बॅली, विल्यम्स, गॉटलिब हे पिनबॉल बनवणारे सगळे इथलेच, त्यामुळे जुनी मशीन या भागात अजून घराघरांतून निघतात. मला हे एका निवृत्त आजोबांनी घर विकताना १८०० डॉलरला दिलं. तो व्यवहार अगदी सरळ झाला. मला गंडवलं ते नंतर आलेल्या दुरुस्तीवाल्याने, आणि त्यात माझाही हातभार होता.

दीड वर्ष मशीन छान चाललं. एका सकाळी बटण दाबलं तर काचेमागचे दिवे लागले, पण गुणांचे आकडे काळेठिक्कर आणि खेळ सुरूच होईना. वरच्या पेटीचं दार उघडून मी मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढला. ऑफिसमधल्या एकाने ज्याचं नाव सुचवलं होतं, त्या माणसाला तो पाठवला. हा व्हिडिओ लक्षात ठेवा.

तो आला आणि टॉर्च मारून दोन मिनिटांत म्हणाला, मुख्य सर्किट बोर्ड मेला, बॅटरीच्या गळतीने खाल्ला. इथे त्याची हुशारी मानावी लागेल. त्या काळच्या बॅलीच्या बोर्डवर ३.६ व्होल्टची रिचार्जेबल बॅटरी थेट सोल्डर केलेली असायची. ती वर्षानुवर्षं झिरपते आणि तांब्याच्या रेषा, चिपचे सॉकेट सगळं खाऊन टाकते. जुनी मशीन बंद पडण्याचं हे नेहमीचं कारण. म्हणजे तो बोलला ते खरंच, फक्त माझ्या बोर्डाबद्दल नव्हे. आजोबांनी ती बॅटरी कधीच कापून टाकली होती आणि तिच्या जागी तीन पेन्सिल सेलचा डबा लांब, पेटीच्या तळाशी लटकावला होता. तो डबा मी रोज बघत होतो. त्याचा अर्थ काय, हे विचारायचं सुचलं नाही.

बोर्ड घरी नेऊन दुरुस्त करतो, म्हणाला. मी हो म्हटलं.

माझे वडील पुण्यात तपकीर गल्लीत रेडिओ दुरुस्तीला टाकायचे तेव्हा दुकानदाराच्या खांद्यावरून वाकून बघत उभे राहायचे आणि निघताना जुना पार्ट खिशात घालून आणायचे. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. अमेरिकेत वीस वर्षं काढल्यावर माझ्यात एवढा सभ्यपणा आला होता की मी बोर्डाचा नंबरसुद्धा टिपून घेतला नाही.

तीन आठवड्यांनी तो बोर्ड घेऊन आला. बसवला, मशीन सुरू झालं, त्याने भराभर दोन चेंडू खेळून दाखवले. ४५० डॉलर रोख. पावती मागितली नाही, उलट चहा पाजला.

गणपतीत मुलाचे मित्र जमले. एका पोराने चेंडू अडवायला डावा फ्लिपर, म्हणजे चेंडू टोलवायचा छोटा दांडा, दाबून धरला. वार्निश जळल्याचा वास आला, मग खेळाच्या फळीखालून धूर. मी धावत जाऊन प्लग उपसला. मंडळातले आमचे एक मित्र इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत. ते दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेऊन आले आणि आधी त्यांनी मलाच दटावलं, की यात गुण दाखवणाऱ्या आकड्यांच्या पट्ट्यांना १९० व्होल्टपर्यंत दाब असतो, चालू मशीनमध्ये हात घालत जाऊ नकोस.

फ्लिपर उचलणारी कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, फुगून काळी पडली होती. या कॉइलला दोन वेढे असतात, एक जोराचा आणि एक नुसतं धरून ठेवायचा. फ्लिपर पूर्ण वर गेला की शेवटी एक पत्तीचा स्विच उघडतो आणि जोराचा प्रवाह तुटतो. आमची पत्ती वाकलेली, ती उघडतच नव्हती. टिचकी मारून खेळलं तर काही कळत नाही. दाबून धरलं की जोराचा प्रवाह तुटतच नाही आणि कॉइल जळण्याआधी ५ ॲम्पिअरचा फ्यूज जातो. तो मुळात गेला होता तो यामुळेच. त्या फ्यूजच्या जागी आता १५ ॲम्पिअरचा बसवलेला होता! पक्कडीने पत्ती वाकवायचं काम, फार तर दोन मिनिटांचं. मोठा फ्यूज टाकून त्याने माझ्या घरात शेगडी लावून ठेवली होती.

मग मित्राने तो जुना व्हिडिओ मागितला. या बोर्डवर एक छोटा लाल दिवा असतो. मशीन सुरू होताना बोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि एकेक टप्पा पार झाला की दिवा लुकलुकतो. सुरुवातीच्या झलकेनंतर सात वेळा. पहिले सहा टप्पे बोर्डावरच्याच गोष्टींचे, चिप, मेमरी वगैरे. सातवा मात्र कॉइलचा ४३ व्होल्टचा पुरवठा येतोय का, याचा. माझ्या व्हिडिओत दिवा स्वच्छ सहा वेळा लुकलुकतो आणि थांबतो. म्हणजे बोर्ड ठणठणीत, फ्यूज बघा. कुठल्याही जाणत्या माणसाने दारात पाऊल टाकण्याआधी हे सांगितलं असतं. आणि व्हिडिओ तर मी त्यालाच पाठवला होता.

व्हिडिओ थांबवून आम्ही चिपवरचे आकडे वाचले. चिपवर बहुधा चार आकडे छापलेले असतात, ८११४ म्हणजे १९८१चा चौदावा आठवडा. व्हिडिओतल्या चिप सगळ्या ८१च्या. आत बसवलेल्या बोर्डावरच्या ७९च्या, आणि डाव्या कोपऱ्यात हिरव्या रंगाखाली बॅटरीच्या गळतीने खाल्लेल्या रेषा. म्हणजे बोर्डच बदललेला. खेळाचा प्रोग्रॅम साठवलेल्या रॉम चिप तेवढ्या माझ्या होत्या, कारण दुसऱ्या खेळाच्या रॉमवर हे मशीन चाललं नसतं.

फोन केला तर म्हणाला, हे बोर्ड सगळे सारखेच दिसतात. पावती नव्हती, त्यामुळे पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. नवी कॉइल आणि योग्य फ्यूज मिळून वीसेक डॉलर लागले. तुमच्याकडे असं मशीन असेल तर आजच पेटी उघडून प्रत्येक बोर्डाचे जवळून फोटो काढा, चिपवरचे आकडे वाचता येतील असे, आणि फ्यूजच्या टोपीवरचा आकडा शेजारच्या लेबलशी जुळतोय का ते बघा. बोर्ड न्यायचाच असेल तर त्याच्यासमोर त्यावर मार्करने सही करा. राग आला तर येऊ दे.

माझ्या मूळ बोर्डावर, बॅटरीच्या रिकाम्या जागी, आजोबांनी चिकटवलेला मास्किंग टेपचा तुकडा होता. आठ महिन्यांनी जाहिरातींत एक बोर्ड दिसला, 'तपासलेला, गळतीचा डाग नाही', २७५ डॉलर. टेप काढलेली होती, पण गोंदाचा पिवळट चौकोन तिथेच होता. मी काही न लिहिता माझ्या व्हिडिओतलं त्या कोपऱ्याचं चित्र विकणाऱ्याला पाठवलं. तासाभरात जाहिरात गायब झाली.