५५ की ६५? आधी टेप सोफ्यापासून लावा

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, आमचा हॉल बारा बाय पंधराचा आहे. किती इंची टीव्ही घेऊ?" मी विचारलं, सोफा कुठल्या भिंतीला लागलाय? ती वैतागली. "मी टीव्हीचं विचारतेय, सोफ्याचं नाही."

पण उत्तर सोफ्याकडेच आहे. समजा सोफा आणि टीव्ही बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींना आहेत. सोफ्याची पाठ, तिच्यामागची फट आणि टेकलेलं डोकं धरलं तर डोळे मागच्या भिंतीपासून जवळजवळ दोन फूट पुढे येतात. समोर टीव्ही युनिटवर ठेवला तर पडदा भिंतीपासून फूटभर पुढे. बारातले तीन फूट असेच गेले, उरले नऊ. तोच टीव्ही पंधरा फुटांच्या दिशेने लावला तर अंतर बारा फूट होतं. खोली तीच, पण एका मांडणीत ६५ इंच भरगच्च दिसेल आणि दुसरीत बेताचाच वाटेल. म्हणूनच "इतक्या चौरस फुटांना इतके इंच" असले हिशोब मी बघतच नाही.

आता थोडं गणित, एकदाच. टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. आजच्या टीव्हींचं प्रमाण १६:९ असतं, त्यामुळे रुंदी कर्णाच्या साधारण ८७ टक्के आणि उंची ४९ टक्के भरते. पडदा डोळ्यांसमोर किती पसरतो हे अंशांत मोजतात. ३० अंश भरले की घरी सिनेमा बघितल्यासारखं वाटतं. ४० अंश म्हणजे थिएटरात पुढे सरकून बसल्यासारखं. २० अंशांत बातम्या, मालिका, गप्पांचे कार्यक्रम आरामात होतात. यावरून निघणारी अंतरं अशी:

| टीव्ही | रुंदी × उंची (सेंमी) | याहून जवळ नको (४० अंश) | सिनेमासाठी फार तर (३० अंश) | रोजच्यासाठी फार तर (२० अंश) |
|---|---|---|---|---|
| ४३ इंच | ९५ × ५४ | ४.३ फूट | ५.८ फूट | ८.९ फूट |
| ५० इंच | १११ × ६२ | ५ फूट | ६.८ फूट | १०.३ फूट |
| ५५ इंच | १२२ × ६८ | ५.५ फूट | ७.५ फूट | ११.३ फूट |
| ६५ इंच | १४४ × ८१ | ६.५ फूट | ८.८ फूट | १३.४ फूट |
| ७५ इंच | १६६ × ९३ | ७.५ फूट | १०.२ फूट | १५.४ फूट |

तक्ता जवळ नसेल तर डोळे ते पडदा हे अंतर इंचांत घ्या आणि सिनेमासाठी १.६ ने भागा. नऊ फूट म्हणजे १०८ इंच, भागिले १.६ केलं की साडेसदुसष्ट. रोजच्या बघण्यासाठी त्याच १०८ ला अडीचने भागलं तर ४३ येतात. म्हणजे बहिणीच्या नऊ फुटांवर ४३ इंचीसुद्धा चालून जातो आणि ६५ सुद्धा बसतो. घोळ इथेच होतो. दोन माणसं एकाच खोलीसाठी दोन सल्ले देतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. एकाला टीव्ही कामं करता करता चालू लागतो, दुसरा दिवे मालवून बसतो.

कर्णाच्या अडीचपट अंतराचा नियम जुन्या काळी बरोबरच होता. तेव्हाच्या पाल या प्रक्षेपण पद्धतीच्या चित्रात ५७६ रेषा असायच्या. जवळ गेलं की त्या दिसायच्या, म्हणून लांब बसणं भाग होतं. फोर-के पडद्यावर २१६० ओळी असतात. चांगल्या नजरेच्या माणसालाही ५५ इंची फोर-केचे ठिपके सुटे दिसायला साडेतीन फुटांवर यावं लागतं. लांब बसण्याचं कारणच उरलेलं नाही, सवय मात्र उरली आहे. आणि जवळून टीव्ही बघितल्याने डोळे बिघडतात हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य विसरून जा. डोळे थकतात, कोरडे पडतात, पण कायमची इजा होत नाही. मूल सारखं पडद्याला नाक लावून बसत असेल तर उलट त्याचे डोळे तपासून घ्या. आधीच लांबचं कमी दिसत असल्यामुळे ते पुढे सरकत असू शकतं.

४३ की ५०

बेडरूम, अभ्यासाची खोली, लहानसा हॉल. पलंगावर टेकून बघणाऱ्याचे डोळे पायथ्याकडच्या भिंतीपासून आठ-नऊ फुटांवर असतात. म्हणजे ४३ काठावर पास, ५० ऐसपैस. झोपण्यापूर्वी अर्धा तास काहीतरी लावायचं एवढाच उपयोग असेल तर ४३ पुरे. त्या अंतरावरून ४३ इंचांत फोर-के आणि फुल एचडी (१०८० ओळींचा पडदा) यांतला बारकाव्याचा फरक डोळ्यांना कळत नाही, कारण फुल एचडीचे ठिपकेही साडेपाच फुटांपलीकडे मिसळून जातात. फोर-के आहे एवढ्याच कारणावर लहान टीव्हीसाठी जास्त मोजू नका. पण सबटायटल्स वाचत परभाषेतलं बघण्याची सवय असेल तर ५० घ्या. पलंगावरून बारीक अक्षरं वाचताना मान पुढे जाते आणि ते लक्षातही येत नाही.

गेम खेळणाऱ्यांचा हिशोब वेगळा. ते चार-पाच फुटांवर बसतात आणि नजर सतत कोपऱ्यातल्या नकाशाकडे जाते. त्यांना ४२ ते ४८ ठीक.

५० की ५५

यावर फार वेळ घालवू नका, ५५ घ्या. रुंदी फक्त ११ सेंमी वाढते, म्हणजे युनिट बहुतेक वेळा तेच चालतं, आणि पडद्याचं क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. शिवाय ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा पडदा, घ्यायचा असेल तर ४२, ४८ आणि ५५ मिळतात, ५० मध्ये सहसा मिळत नाही. भिंतीच्या कोनाड्यात बसवायचा असेल आणि ते ११ सेंमीच नसतील, तेवढाच अपवाद.

५५ की ६५

खरी रस्सीखेच इथे असते. दहा इंचांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाने वाढतं, म्हणून ६५ चा पडदा ५५ पेक्षा चाळीस टक्के मोठा असतो. दुकानात हे कळत नाही. तिथलं छत उंच, हॉल लांबलचक, शेजारी ८५ इंची झळकत असतो, त्यामुळे ६५ बिचारा बारका दिसतो. घरी खोक्यातून बाहेर काढला की तोच अंगावर येतो. आठवड्याभरात नजर सरावते. "मोठा घेतला" म्हणून हळहळणारे मला कमी भेटले, "अजून मोठा चालला असता" म्हणणारेच जास्त.

तरी ५५ च्या बाजूने काही गोष्टी ठामपणे बोलतात. पहिली म्हणजे तुम्ही बघता काय. दिवसभर केबलवरच्या साध्या एसडी वाहिन्या चालत असतील तर ६५ वर तेच कमी रेषांचं चित्र ताणून दाखवलं जातं. चेहरे मेणाचे वाटतात, खाली सरकणारी अक्षरं फाटतात. टीव्हीची चूक नसते, त्याला मिळालेला मालच तेवढा असतो. जुन्या ४:३ प्रमाणाच्या मालिकांच्या दोन्ही बाजूंना तर काळे पट्टे राहणारच. दुसरी गोष्ट, कोण कुठे बसतं. हॉलमध्ये एल आकाराचा सोफा असेल तर त्याच्या आडव्या फाट्यावरचा माणूस पडदा तिरका बघतो. व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पडद्याच्या पॅनेलचे दोन प्रकार. व्हीएचा काळा रंग समोरून दाट दिसतो, बाजूने बघितलं की चित्र फिकं पडतं. आयपीएस बाजूने बरा टिकतो, पण अंधारात त्याचा काळा राखाडी दिसतो. ओएलईडी दोन्हीकडून चांगला. घरातली निम्मी माणसं कडेला बसत असतील तर दहा इंच वाढवण्याआधी पॅनेल बदला.

तिसरी गोष्ट युनिटची, आणि ही मी स्वतः भोगली आहे. माझ्या ६५ ला मधोमध स्टँड नव्हता, दोन टोकांना दोन पाय होते. युनिट चार फुटी. पाय लावून टीव्ही वर ठेवायला गेलो तर दोन्ही पाय हवेत. रात्री नऊ वाजता टीव्ही परत खोक्यात, आणि मी सुताराचा नंबर शोधतोय. खरेदीआधी वेबसाइटवर "स्टँडची रुंदी" म्हणून एक आकडा असतो तो बघा. पडद्याची रुंदी सगळे बघतात, हा कोणी बघत नाही.

ही तीन विघ्नं नसतील आणि अंतर आठ ते दहा फूट असेल तर माझं मत ६५. सात फुटांवर बसत असाल तर ५५ मध्येच सिनेमाचे ३० अंश पुरेपूर भरतात, पुढे जायची गरज नाही. आणि घरात कमी दिसणारं वयस्कर माणूस असेल तर माझा नियम सरळ आहे: दोन मापांतलं मोठं घ्या आणि त्यांची खुर्ची दोन फूट पुढे ओढा.

६५ की ७५

७५ इंची पडदा साडेपाच फूट रुंद असतो, म्हणजे मध्यम उंचीचा माणूस भिंतीवर आडवा झोपवल्यासारखा. नऊ फुटांवरून तो ३४ अंश भरतो. सिनेमावेड्यांसाठी हे जास्त नाही. त्यांच्यासाठी एक गंमत सांगतो. सिनेमास्कोप, म्हणजे २.३९:१ प्रमाणाचा चित्रपट लावला की वर-खाली काळे पट्टे येतात आणि पडद्याचा जवळजवळ चौथा भाग रिकामा राहतो. ६५ वर अशा चित्रपटाची उंची ६० सेंमी उरते, ५५ इंचीच्या पूर्ण चित्रापेक्षाही कमी. ७५ वर ती ६९ सेंमी होते, तेव्हा कुठे ५५ ची बरोबरी. आठवड्याला तीन सिनेमे बघणाऱ्याने हा हिशोब मनात ठेवून मगच "७५ म्हणजे अतीच" म्हणावं. क्रिकेट आणि बातम्याच बघायच्या असतील तर मात्र खरंच अती.

अडचणी भिंतीवर चढवतानाच्या असतात. दोन माणसांशिवाय उचलायचा नाही, ब्रॅकेट वजनाचा आणि मागच्या भोकांच्या मापाचा हवा, भिंत पोकळ नको. आणि खोकं लिफ्टमध्ये जाईल का हे आधी मोजा. उभ्याने जात नाही म्हणून आडवं पाडून न्यावं म्हणाल, तर ते पडद्याला धोक्याचं असतं.

उंची

मोठ्या टीव्हीबाबत सर्रास होणारी चूक मापाची नसून उंचीची असते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात. दीड-पावणेदोन फुटी युनिटवर ठेवलेल्या ६५ चा मध्य आपोआप त्या जवळ येतो. हौशीने भिंतीवर छातीच्या वर टांगला की नऊ फुटांवरून चालून जातं, पण सहा फुटांवरून वरची कड बघायला मान मागे टाकावी लागते. थिएटरात पहिल्या रांगेचं तिकीट मिळाल्यावर जे होतं ते. पडदा जितका मोठा तितका खाली लावा. समोर खिडकी असेल तर तिचा उजेड पडद्यात किती उतरतो तेही बघून घ्या. मोठ्या पडद्यात मोठी खिडकी दिसते.

बहिणीला मी शेवटी वर्तमानपत्रं चिकटवायला सांगितली. १४४ बाय ८१ सेंमीचा कागद, युनिटच्या वर, जिथे टीव्ही येणार तिथेच. दोन संध्याकाळी त्याच्याकडे तोंड करून बसा म्हटलं. पहिल्याच संध्याकाळी फोटो आला. कागदाचा उजवा कोपरा स्विचबोर्डवर चढला होता, पंख्याचं बटण झाकलं गेलेलं. मेव्हण्यांचं म्हणणं, मग ५५ च घेऊ. बहिणीने टेप लावला. युनिट नऊ इंच डावीकडे सरकवलं की बोर्ड मोकळा होत होता, आणि तिकडे एक कुंडी सोडून काहीच नव्हतं. कुंडी गॅलरीत गेली. आता ती मधोमध स्टँड असलेल्या ६५ इंचीचं मॉडेल शोधतेय. तिच्या युनिटची रुंदी चार फूट दोन इंच आहे.